दोन विहिणींचा चुडा

पंचवटीत लग्न निघालं की हिरव्या बांगड्या भरायला गुलजारबीच यायची. जीभ तिखट, पण हात लोण्यासारखा. बांगडी कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही. चौतीस सालच्या त्या लग्नात मात्र तिचं डोकं फिरलं. मानाचा पहिला चुडा कुणी भरायचा, यावरून नवरीची आई अक्काबाई आणि वरमाई चिमणाबाई एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. सगळा मांडव खोळंबला होता.

"आणा इकडे, दोघींचे हात!" गुलजारबी कडाडली. तिने दोघींच्या हातांत एकदमच पहिली बांगडी सरकवली. चुडा अर्ध्यावर टाकून उठणं अपशकुनाचं, त्यामुळे दोघी अडकल्या. मग तिने मुद्दाम लहान मापाच्या बांगड्या घेतल्या आणि दाबल्या.

"अगं आई गं!" दोघी एका सुरात किंचाळल्या.

"हात आहे की सांडशी!" अक्काबाई भडकली.

"नाहीतर काय! बघू विहीणबाई, केवढा लाल झालाय," म्हणत चिमणाबाई तिचा हात चोळू लागली.

"आता झाली सोयरीक," गुलजारबी पुटपुटली आणि टोपलीच्या तळातून तिने दोघींच्या खऱ्या मापाच्या बांगड्या काढल्या.