ड्रायव्हरदादांचं नेट

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक माझं, एक ड्रायव्हरदादांचं. माझं दिवसभर उघडं असतं. हवा यावी म्हणून, असं मी सांगते. हवेबरोबर शेजारचं आणखी काही आत आलं तर त्याला माझा काय इलाज?

दादांनी उभा जन्म मालट्रक चालवला. पाठीनं दगा दिला तेव्हा ट्रक सुटला, ऐट मात्र सुटली नाही. खुर्चीत बसण्याआधीही तिच्याभोवती एक फेरी मारायचे, जणू टायरमधली हवा बघतायत. मी चिडवायची, "दादा, खुर्ची पंक्चर आहे का?" ते म्हणायचे, "बातमीदारबाई, तुम्ही तुमचं तोंड सर्व्हिसिंगला टाका."

आतल्या खोलीत वहिनी. एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एक डावा हात. त्या सकाळी दादा दूरच्या खेपेवर होते आणि फोन बंद. हॉस्पिटलच्या जिन्यात मुलानं बापाला सगळ्यांदेखत विचारलं, "आई पडली तेव्हा कुठे होतात? गाडीवर. नेहमीसारखे." मग तो नोकरीच्या गावी निघून गेला तो गेलाच. आईला स्क्रीनवर बघता यावं म्हणून जुना लॅपटॉप ठेवून गेला. बापाशी बोलणं नाही.

खोटं कशाला बोलू, वहिनींचं सगळं दादा स्वतः करायचे. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. तेल लावताना मागच्या खेपांच्या गोष्टी सांगायचे. ऐकून घेणारी बायको त्यांना उशिरा मिळाली.

त्या लॅपटॉपवर मुलाचा ट्रक चालवायचा एक ऑनलाइन गेम होता. दादांनी सहज उघडला, तर मुलगाही तिकडून त्याच रस्त्यावर. काय झालं कोण जाणे, रविवारी संध्याकाळी दोघं आपापल्या घरी बसून मागे-पुढे ट्रक चालवू लागले. पुढे बाप, मागे लेक. आधी मुकाट्यानं. मग "डावीकडे घ्या", "सावकाश, उतार आहे", एवढं तरी बोलणं सुरू झालं. दादा कानांवर ते मोठे हेडफोन चढवायचे आणि टेबलाखाली ब्रेक नसताना पाय दाबायचे. मी दारातून ओरडायची, "दादा, फरशी फुटेल हो!" त्यांना कुठलं ऐकू जातंय.

पण ऐन घाटात नेट जायचं. इकडे स्क्रीन गोठायची, तिकडे मुलाला पुढचा ट्रक रस्त्यावरून नाहीसा झालेला दिसायचा. दोन-चार रविवार त्यानं सोसलं. मग म्हणाला, "बाबा, मध्येच गायब होणार असाल तर राहू द्या. ते मी लहानपणापासून बघतोय."

हे दादांना फार लागलं. नेटच्या मागे ते हात धुऊन लागले. लॅपटॉप खिडकीशी नेला, मग दाराशी, मग उलट्या बादलीवर. कुणीतरी सांगितलं म्हणून सगळे अपडेट बंद केले. पासवर्ड बदलला आणि माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही माझ्या वायफायवर मालिका बघता. म्हणून माझा ट्रक थांबतो."

"मालिका बघायला मला वेळ आहे का? तुमच्याच घरात एवढं चाललेलं असतं."

राउटर आतल्या खोलीत होता, वहिनींच्या उशाशी फळीवर. वायर तिथल्याच खिडकीतून आलेली. नेट गेलं की दादा हेडफोन काढून आत जायचे. राउटरची पिन निसटलेली असायची. ती दाबून बसवायची, कंपनीच्या हलक्या मालाला शिव्या घालायच्या, आणि आलोच आहोत तर म्हणून वहिनींना पाणी पाजायचं, कूस बदलायची. मग दिवे लागले की पळत बाहेर.

शेवटी केबलवाल्याला बोलावलं. मीही गेले, यंत्रातलं मला कळतं अशातला भाग नाही.

"पिन पार ढिली झालीय," तो म्हणाला. "कोण सारखं ओढून काढतं ही?"

"काढतंय कोण? मी तर दाबून दाबून थकलो."

"मग राउटरच बाहेर घेऊ. लॅपटॉपला थेट वायर लावून देतो. पुन्हा जाणार नाही."

तो ड्रिलनं राउटरचे भिंतीतले स्क्रू काढू लागला तशा वहिनी घशातून आवाज काढू लागल्या. डावा हात फळीकडे जात होता. मला वाटलं, ड्रिलला घाबरल्या. दादांनी तो हात धरून पांघरुणात ठेवला. "थांब गं. तुझ्याच लेकासाठी चाललंय."

त्या रविवारी नेट एकदाही गेलं नाही. अख्खा घाट पार झाला, बोगदे झाले, बंदर आलं. मुलगा कधी नव्हे ते हसला म्हणे. "आज शेवटपर्यंत राहिलात, बाबा."

दादा हेडफोन गळ्यात टाकून आत धावले. "अगं, पोचलो! हसला तो!" एवढं मला माझ्या दारात ऐकू आलं. त्यापुढे काहीच आलं नाही, म्हणून मी गेले.

वहिनींना उलटी झाली होती आणि ती श्वासात अडकली होती. त्या आडव्या पलंगाबाहेर लोंबत होत्या. डावा हात वर, रिकाम्या फळीवर. भिंतीतल्या स्क्रूच्या भोकांशी बोटं. कण्हणं हेडफोनमधून ऐकू जात नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. पिन ओढली की नवरा येतो, हे त्या शिकल्या होत्या. आम्हा दोघांना ते त्या फळीपाशी उभं राहिल्यावर कळलं.

मुलगा आला. आईचं दिवसकार्य आटोपल्यावर बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "निदान त्या वेळी आपण दोघं बरोबर होतो."

पिनेचं दादांनी त्याला सांगितलं नाही. मीही नाही, आणि मी बातमीदारबाई, म्हणजे बघा.

रविवारी दोघं अजून खेळतात. राउटर दादांनी परत आत नेऊन त्याच फळीवर ठेवलाय. मुलानं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिथंच बरा चालतो." नेट आता जात नाही. दादाच मध्येच ट्रक रस्त्याकडेला लावतात, हेडफोन काढतात आणि आत जाऊन येतात.

"पाणी प्यायला गेलो होतो," ते मुलाला सांगतात.

माझं दार उघडंच असतं. पाणी ते पीत नाहीत.