कॉलेज, वर्कशॉप आणि कोकरे आबा

स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात ते कळतच नाही. पेपरांचे गठ्ठे निदान दिवाळीत रद्दीला जातात, किस्से मात्र कपाटातच राहतात. नव्वदच्या दशकात मी तळेगाव ढमढेरेच्या अलीकडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. तिथले बहुतेक किस्से दोन माणसांचे. एक आमचे हेडसर, ज्यांना गावातलं प्रत्येक पोर कॉलेजात घालायचं होतं. दुसरे तांत्रिक विषयाचे गायकवाड सर, ज्यांना त्याच पोरांच्या हातात पाना द्यायचा होता. मी दोघांचाही चहा प्यायचो, त्यामुळे तटस्थ.

* * *

हेडसर रोज प्रार्थनेनंतर विचारायचे, "दहावीनंतर काय?"

अख्खं मैदान ओरडायचं, "कॉलेज!"

एकदा तपासणीला साहेब आले होते. हेडसरांना जोर चढला. त्यांनी पुढं विचारलं, "आणि कॉलेजनंतर काय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "सर, तेवढा पोर्शन झाला न्हाई."

साहेबांना एकदम खोकला आला.

* * *

गणितात नापास झालेला मुलगा दिसला की हेडसर म्हणायचे, "गायकवाड, हा ढ आहे, तुमच्याकडं घ्या." गायकवाड सरांना ते फार लागायचं, पण बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी हेडसर स्कूटरला किक मारत होते, तेव्हा मात्र ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचे ब्रेक आज त्याच ढ मुलांनी बसवलेत."

त्या दिवशी हेडसर जीपनं घरी गेले. स्कूटर मी चालवून बघितली. ब्रेक उत्तम लागत होते.

* * *

कोकरे आबांच्या वडिलांनी मेंढरं सोडून शेती धरलेली. आबांची पोरगी सुनीता दहावीत होती आणि शाळा सुटल्यावर गायकवाड सरांकडे विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला, शिकायची. पोरीचा हात सुरेख होता.

पालकसभेत हेडसर म्हणाले, "आबा, तिला यातून काढा, कॉलेजची तयारी करू द्या. घरात एक तरी पदवीधर हवा."

"हाय की, सर. थोरला बीए हाय. हिरीवरची मोटार जळाली की अर्ज लय झ्याक लिव्हतो."

* * *

पुढं हेडसरांनी ठरवलंच. वर्कशॉप बंद करून तिथं कॉलेज मार्गदर्शन कक्ष काढायचा. म्हणजे गायकवाड सरांची बदली, आणि सुनीताचं वाइंडिंग अर्ध्यावर. मला खरंच वाईट वाटलं, पण मीटिंगमध्ये मीही गप्प बसलो. तटस्थ ना!

हेडसर म्हणाले, "कक्षाला दोन पंखे लागतील."

"लावून देतो," गायकवाड सर म्हणाले. "जायच्या आधी."

आम्ही सगळे आपापल्या कपात बघत राहिलो.

* * *

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप बंद करायचा प्रस्ताव टाइप होऊन आला. हेडसरांनी सहीसाठी पेन काढलं. मी रजेचा अर्ज घेऊन समोर उभा होतो. तेवढ्यात कोकरे आबा आत आले.

"सर, वर्कशॉपला माझं नाव घाला."

"तुमचं?"

"पोरीचं निम्मं ऱ्हायलंय. तिला शिकवत नसाल तर मला शिकवा. मी घरी जाऊन तिला सांगतो."

हेडसर हसले. "आबा, शाळेला वयाची अट असते."

"व्हय? आन् कालेजला?"

"कॉलेजला तशी नाही. मनात आलं तर म्हातारपणीही जाता येतं."

आबांनी टोपी नीट केली आणि खुर्चीत बसले. "मंग ज्याचं वय निघून जातंय, ते आदी शिकवा की."

हेडसरांनी पेनाला टोपण लावलं, प्रस्ताव घडी करून खणात टाकला आणि शिपायाला हाक मारली.

"आबांना चहा सांग. आणि गायकवाड सरांना म्हणावं, पंखे राहू द्या."