पेजेच्या रंगाची खोली

रंजनाबाई गेल्याचं मला त्यांच्या लेकीनं, पल्लवीनं, फोनवर सांगितलं. मी चामोर्शीला मुलाकडे राहते, तिथंच माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते. “नसीमामावशी, आई गेली,” एवढंच पल्लवी म्हणाली. वडशाच्या घरी, अंगणात कपडे वाळत घालता घालता रंजनाबाई खाली बसल्या आणि शेजारीण पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी समोरच्या बाईचं माप पुरं केलं, मशीन झाकली आणि वडशाची गाडी धरली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मला रडू तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही. पण त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मला त्यांचं एकही नाटक आधी आठवत नाही. डोळ्यांसमोर येतात त्या घराच्या भिंती रंगवणाऱ्या रंजनाबाई.

तेव्हा मीही वडशालाच राहायची. तिथल्या एका नाटक कंपनीत त्या काम करायच्या आणि मी कपडे सांभाळायची. हिवाळाभर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत, शेतांतच उभारलेल्या मंडपांतून आम्ही फिरायचो. नायिका दर दोन वर्षांनी बदलायची, रंजनाबाई मात्र कायम खाष्ट सासू. सुनेला जाळणारी, उपाशी ठेवणारी, जेवणात विष कालवणारी. बाजारात भाजी घेताना बायका त्यांना तोंडावर शिव्या द्यायच्या आणि त्या हसून म्हणायच्या, “म्हंजे काम बरं झालं.” नवरा लवकर वारला होता. पल्लवी आजीजवळ वाढली आणि चिमूरला एका चांगल्या घरी पडली. विहीणबाईंनी लग्न लावून दिलं, पण मुलीची आई नाटकात काम करते हे त्यांनी नातेवाइकांना सांगितलं नाही. गुडघे दुखू लागल्यावर रंजनाबाईंनी रंगभूमी सोडली, तरी विहीणबाईंचं मन काही वळलं नाही.

पल्लवीला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करू का, असं रंजनाबाईंनी विहीणबाईंना फोनवर विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या घराच्या भिंती पोपडे धरलेल्या, ओल असते, लेकराला सोसायचं नाही. कारण ते नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी तसं म्हणालेही. रंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “भिंती खराब हायेत म्हनल्या ना त्या? मंग भिंती करू. पुढचं पुढं पाहू.”

पेंटर आला. त्याचा आग्रह होता की खाली कमरेइतका ऑइलपेंट आणि वर गुलाबी, दोन्ही चमकदार, सगळीकडे तसंच करतात. रंजनाबाईंना मॅट पाहिजे होता, अजिबात न चमकणारा. “मॅटवर हात लागला का डाग पडते, पुसाले गेलं का जागा घासून निंगते. घराले रंग द्याचा का दवाखान्याले?” असं बोलून तो एका लग्नघराच्या कामावर निघून गेला, तो परत आलाच नाही. मी चिडले. त्या मला हाताला धरून पल्लवीसाठी ठरवलेल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा दिसत होता. “नसीमा, चेहऱ्यावर तेल राह्यलं तर लाइटाखाली काय दिसते? सारे खड्डे दिसते. अन् पावडर मारली का?” मी म्हणाले, “सपाट.” “बस. या भिंतीले पावडर मारू.”

मग आम्हीच कामाला लागलो. जुना चुना खरवडला, ओल्या कपड्यानं भिंती पुसल्या, ओलीचा कोपरा गवंड्याकडून करून घेतला. पुट्टी भरली आणि ती वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालो की रंजनाबाई म्हणायच्या, भुताचा पार्ट तेवढा करायचा राहिला होता. प्रायमर दिला. रंग त्यांनी निवडला तो भाताच्या पेजेचा, धड पांढरा नाही, धड पिवळा नाही. दुकानदारानं बजावलं होतं की एक भिंत एका दमात संपवा, मधे थांबलात तर जोड दिसतो.

समोरच्या भिंतीवर त्या रोलर चालवत होत्या आणि मी ब्रशनं कडा रंगवत होते, तेव्हा फोन वाजला. चिमूरचा होता. त्यांनी नाव पाहिलं आणि रोलर पुन्हा रंगात बुडवला. फोन वाजून थांबला, परत वाजला. “घ्या ना,” मी म्हणाले. “भिंत ओली हाय,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यापर्यंत रंग नेला, हात धुतले, पदरानं पुसले आणि मग फोन केला. विहीणबाईंनी सांगितलं, नाही पाठवत, आमच्या इथंच सगळं करू. रंजनाबाईंनी “बरं” म्हणून फोन ठेवला. त्यांनी रोलर धुऊन खिडकीत वाळत ठेवला. मग वळून म्हणाल्या, “उद्या बाजूची भिंत घेऊ.”

चारही भिंती झाल्या. रंगाचा वास गेला. खोलीत कुणी राहायला येणार नव्हतं, तरी त्या रोज झाडून काढायच्या… आणि एका दुपारी नागभीडला गाडी बदलून पल्लवी दारात उभी राहिली. मागे जावई, दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा पडलेला. “आईले अजून सांगतलं नाई मी,” तो म्हणाला. पल्लवी म्हणाली, “मी सांगतलं. माह्या आईकडे चालली म्हनलं.” रंजनाबाईंनी लेकीच्या पायांवर पाणी घातलं, तिला त्या खोलीत नेऊन बसवलं, मग चुलीपाशी जाऊन तोंडात पदर धरून रडल्या. रंगमंचावर त्या मोठ्यानं रडायच्या. हे रडणं मला मागून, खांद्यांवरून कळलं.

मुलगी झाली. बारशाला विहीणबाई आल्या, घुश्शातच. खोलीत बसल्या, भिंतींकडे पाहत राहिल्या. “रंग बरा हाय, दबका,” म्हणाल्या. मग चहा घेता घेता बोलून गेल्या, “तुमचं एक नाटक मी पाह्यलं होतं. पल्लवीच्या सोयरिकीच्या आधी. तुम्ही सुनेच्या भातात जहर कालवलं. तवापासून भेवच बसलं मले. सांगू कोनाले?” रंजनाबाई हसल्या नाहीत. “त्या नाटकात आखरीले सासू सुनेचे पाय धरते ना, विहीणबाई.” “मी मधातच उठून आली होती,” विहीणबाई म्हणाल्या. यावर मात्र पल्लवी बाळाला घेऊन हसत सुटली आणि बाकीच्यांना हसावंच लागलं. त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. पण दरवर्षी धान निघाल्यावर चिमूरहून विहीणबाई चार दिवस येऊन राहू लागल्या, त्याच खोलीत.

परवा घर आवरायला आम्ही सगळ्या वडशाला जमलो होतो. पल्लवीची लेक, मनू, आता शाळेत जाऊ लागली आहे. भांडी घासताना जुने संवाद म्हणत राहायची रंजनाबाईंना सवय होती, आणि नात बाजूला बसून ऐकायची, हे मला पल्लवीनं त्या दिवशी सांगितलं. पल्लवी, विहीणबाई आणि मी रंजनाबाईंच्या साड्यांच्या घड्या घालत होतो. मनूनं खोलीच्या मधोमध कापडाची बाहुली बसवली, कंबरेवर हात ठेवले आणि भुवई चढवून नाटकातल्या शुद्ध मराठीत ओरडली, “या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, समजलीस?”

घडी घालता घालता विहीणबाईंचे हात थांबले. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली आणि सुनेच्या बारीक आवाजात म्हणाल्या, “समजली, सासूबाई.”