सहापर्यंत हजर

मॅनेजरने फोनवर आधी वेळ सांगितली, बातमी नंतर. “भाऊ, पहिले एक लक्षात घ्या, यांची ड्यूटी एक वाजता संपली होती,” असे म्हणून त्याने दम घेतला. मग सांगितले की आमचे मुरलीभाऊजी गोदामासमोरच्या चहाटपरीवर बसल्या बसल्या कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले. तेव्हा चार वाजले होते. म्हणजे माणूस मेला तोही कामाच्या वेळेबाहेर... कंपनीची केवढी सोय केली त्यांनी!

दीड महिना झाला. मुरलीभाऊजी म्हणजे माझ्या शोभाताईचे यजमान. शहराबाहेर वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बावीस वर्षे ट्रकमधून उतरणारा माल तपासून घेत. नऊ ते सहा. माझ्या लग्नातही ते अक्षता पडून गेल्यावर पोचले आणि म्हणाले, “ट्रक उशिरा आला गा. तुले काय, तू पळून थोडीच जातो आता!”

गेल्या वर्षी कंपनीने एक कागद फिरवला. धंदा मंदा आहे, तेव्हा जुन्या माणसांनी नऊ ते एक एवढाच वेळ काम करावे, पगारही अर्धा घ्यावा. खाली छापले होते, ‘हा बदल मी स्वखुशीने स्वीकारत आहे.’ बाकीच्यांनी सह्या केल्या. भाऊजी कागद घेऊन माझ्याकडे आले, कारण मी शहरात सदर भागातल्या एका ऑफिसात कारकुनी करतो आणि आमच्या घराण्यात कायदा मलाच कळतो असा समज आहे. तो मीच पसरवला आहे.

“करून टाका सही,” मी म्हणालो. “नाहीतर अख्खी नोकरी जायची.”

“ते स्वखुशीनं म्हणून राहिले. मी कुठं खूश आहो गा?”

त्यांनी सही केली नाही. तरी कंपनी त्यांना एक वाजता गेटबाहेर काढू लागली. भाऊजी घरी गेले नाहीत. समोरच्या टपरीवर, गेटमधून दिसेल अशा बेताने, सहापर्यंत बसू लागले. काम द्याल तर करायला हजर आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. हमाल चिडवायचे, “काहून गा मुरलीभाऊ, सुट्टी नाही झाली काय?” भाऊजी म्हणायचे, “सुट्टी त्यायनं केली. मी नाही केली.”

मग कोणीतरी कामगार कार्यालयाची वाट दाखवली. तास कमी करायचे तर मालकाने आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, कामगाराला हरकत घेता येते, हे मला तेव्हा कळले. भाऊजींना ते न वाचताच कळले होते. हरकत लेखी हवी, ती आधी कंपनीला द्यायची. लिहिणार कोण? मी. आणि मी आयुष्यभर विनंती अर्जच लिहिले आहेत... नळाचे, रजेचे, बदलीचे, पोरांच्या शाळेचे. हात तिकडेच वळला. ‘आपण कृपावंत होऊन दिलेले अर्धवेळ काम मी करीत आहे, तरी पुन्हा पूर्णवेळ काम द्यावे, ही नम्र विनंती.’ मोठ्याने वाचून दाखवताना मी स्वतःच्या भाषेवर चांगलाच खूश होतो. कंपनीच्या कागदावर न केलेली सही भाऊजींनी माझ्या कागदावर केली.

कामगार कार्यालयातल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने तोच अर्ज पुढे केला. यात हरकत कुठे आहे? अर्धवेळ काम तर यांनी स्वतःच मान्य केले आहे. बाहेर आल्यावर मी स्कूटरची किल्ली शोधत राहिलो, ती हातातच होती. भाऊजी एवढेच म्हणाले, “अक्षर मात्र चांगलं आहे तुझं.”

पुढची तारीख पडली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टपरीवर, सहापर्यंत.

हल्ली मी अधूनमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ताईकडे जातो. भरपगारी. अर्ज मीच लिहितो, लगेच मंजूर होतो. परवा तिला विचारले, दिवस कसा जातो. “दुपारचं काही वाटत नाही रे,” ती म्हणाली. “दुपारी ते कामाच्या दिवशी घरी राहतच नव्हते कधी. सहा वाजून गेले का मंग कान दाराकडं जाते.” मग थांबून म्हणाली, “तुझ्या त्या अर्जाचं काय झालं? लय चांगला लिहून देल्ला म्हणत होते.”

म्हणजे तिला त्यांनी काहीच सांगितले नव्हते...

मीही सांगितले नाही. साडेपाच वाजले की चप्पल घालतो. “थांब ना, जेवून जा,” ती म्हणते. मी उशीर होतो म्हणतो. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर मागे कडीचा आवाज येतो. ती दार लावत नसते, उघडून ठेवत असते.