चिनीमातीचा खुबा

आईच्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. त्या जागी सिरॅमिकचा गोळा बसवायचा ठरलं, तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, "सिरॅमिक म्हणजे चिनीमातीच ना?"

मुलुंडचे आमचे डॉक्टर हौशी. त्यांनी खणातून नमुन्याचा गोळा काढून तिच्या हातावर ठेवला. फिकट गुलाबी, मोठ्या पेढ्याएवढा, भलताच गुळगुळीत. भट्टीत भाजलेली वस्तू माणसाच्या आत राहते, गंजत नाही, आणि शरीर तिच्याशी भांडतही नाही, ही काय भानगड आहे ते मी विचारत सुटले. आईचं दुखणं घडीभर विसरलेच. तिने मात्र गोळ्याच्या खालच्या भोकात बोट घातलं, तो कानाशी नेला आणि अंगठीने वाजवून पाहिला. लोणच्याची बरणी घेताना ती हेच करते. बद्द आवाज आला की बरणीला चीर आहे, मग दुकानदार काही का म्हणेना.

"बरा वाजतोय," ती म्हणाली, आणि ऑपरेशनला तयार झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी तिला उभं करायचं होतं, तर ती पाय टेकेना. ही आता अंथरूणच धरते की काय, या भीतीने मी तिला कारण विचारलं.

"तो नमुन्याचा मी वाजवला. माझ्या आत घातला तो कोणी वाजवलान?"

"अगं, कारखान्यातून तपासून येतात ते."

"बरण्यापण तपासूनच येतात."

डॉक्टर आले तेव्हा मी ओशाळत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"मावशी, बसवताना आम्ही तो हातोडीने ठोकतो."

आईला कमरेखालीच भूल दिली होती. म्हणजे ऑपरेशनभर ती जागीच होती.

"ती ठोकाठोक होय? मला वाटलं शेजारी कोणी खिळे मारतंय. शेवटी आवाज बदलला."

"घट्ट बसलं की बदलतो. आमचाही कान तिकडेच असतो."

"खणखणीत होता," आई म्हणाली, आणि तिने पाय टेकला. दुखलं तिला, ते चेहऱ्यावर दिसलं. मग वॉकर सरकवत ती खिडकीकडे निघाली, आणि तिच्या गाउनची बाही धरून मी मागोमाग.

"सोड गं, फुटत नाही मी."

मला काही सोडवेना.