संध्याकाळी या

आमच्या ऑफिसात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'झटपट' म्हणायचे. घरोघरी इंटरनेटची जोडणी करायची आणि ती बिघडली की दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. बाकीची माणसं दिवसाला पाच तक्रारी उरकायची, तिथं हे नऊ. भिंतीवरच्या फळ्यावर दर महिन्याला पहिलं नाव त्यांचंच. मी तक्रारींच्या टेबलावर बसते. माझा सकाळचा चहा निवायच्या आत त्यांचा पहिला फोन यायचा, "ताई, झालं. बंद करा." म्हणजे तक्रार बंद करा. मी एक बटण दाबायचे, की स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उमटायचं: निकाली.

माणूस वाईट नव्हता. कामाला चोख, बोलायला गोड. तरुणपणी टेलिफोनच्या खांबावरून पडले होते, तेव्हापासून डावा गुडघा धड नव्हता. म्हणून शिडी, जिने, भिंतीला भोकं पाडणं, यातलं जे टाळता येईल ते टाळायचे. टाळूनही काम होतंय म्हटल्यावर कोण कशाला बोलतंय? उलट आम्हाला त्यांचं कौतुकच होतं.

त्यांच्या भागात तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. शाळांचे गणवेश शिवायच्या. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नव्हतं. घरात एकट्याच. जोडणी घेऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच त्यांची पहिली तक्रार आली. आमच्याकडे तक्रार फोनवरच घेतात. त्यामुळे फोन केला तो त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी.

"अहो, आमच्या वरच्या ताईंचं नेट जातंय. रोज जातंय."

"इंटरनेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगा," मी म्हणाले. समोर छापलेल्या यादीत पहिलं वाक्य तेच होतं.

"सांगू कशी? हातवारे करून दाखवते," काकू म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास झटपट तिथं गेले. मीटर लावला, सगळं ठीक. स्वतःच्या मोबाईलवर सिनेमाची जाहिरात लावून पाहिली, एकदाही अडकली नाही. अंगठा वर करून दाखवला आणि निघाले. "ताई, झालं. बंद करा."

चार दिवसांनी परत तेच. मग परत. एकदा त्यांनी डबा बदलला, एकदा तो शेल्फवरून टेबलावर ठेवला. दर वेळी सकाळी गेल्यावर हिरवा दिवा शांतपणे तेवत असायचा. पाचव्या वेळी काकू माझ्यावर उखडल्या. "तुमचा माणूस येतो, बघतो, हसतो आणि जातो. पाहुणा आहे का तो?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांची बहीण आजारी आहे हो. तिच्याशी बोलायचं असतं त्यांना." मी "नोंद घेतली" म्हणाले. घेतली नव्हती. बहीण आजारी आहे हे लिहायला माझ्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती, आणि जागा शोधायची मला गरज वाटली नाही.

त्या बहिणीची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. ती दहा वर्षांनी मोठी आणि तिलाही ऐकू यायचं नाही. धाकटीला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत घालता यावं म्हणून ती लहानपणीच कामाला लागली, स्वतः शाळेची पायरी चढली नाही. त्यामुळे धाकटीला लिहिता-वाचता यायचं, थोरलीला नाही. दोघींचं बोलणं चालायचं ते लहानपणी घरातल्या घरात तयार झालेल्या खुणांनी. त्या खुणा जगात दोघींनाच यायच्या. थोरली दुसऱ्या गावी लेकीकडे होती. लेक कामावरून सातला परतायची आणि आईसमोर फोन धरायची. म्हणून बोलणं संध्याकाळीच. मोबाईलची रेंज त्या घरात नावापुरती. चित्र सारखं थांबायचं, आणि हातांनी बोलणाऱ्याचं चित्र थांबलं की शब्दच गळतो. एवढ्यासाठी बाईंनी जोडणी घेतली होती.

सहाव्या खेपेला बाईंनी झटपटांच्या हातात एक चिठ्ठी दिली. 'संध्याकाळी या. सातनंतर जातं.' त्यांनी वाचली, मान हलवली, खिशात घातली. ड्युटी साडेपाचला संपायची, त्यानंतर गुडघ्याला शेक द्यायचा असायचा. दुपारी मला म्हणाले, "ताई, मशीन खोटं बोलत नाही. त्या बाईंना वापरायला जमत नसणार. भलतंच बटण दाबत असतील आणि सांगता येत नाही." मी हसले. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी हसले होते. त्यांनी सांगितला तो शेरा मी टाइप केला: ग्राहकाच्या वापरातील चूक. पुढच्या तिन्ही वेळी तोच शेरा पुढे ओढला.

असं नऊ वेळा झालं. दहाव्यांदा काकूंचा फोन आला तेव्हा त्या भांडल्या नाहीत. "जोडणी काढून टाका. डबा घेऊन जा," एवढंच म्हणाल्या.

काढून आणायच्या डब्याला घाई नसते. म्हणून झटपटांनी ते काम शेवटी ठेवलं, घरी जाता जाता करू म्हणून. सात वाजत आले होते. बेलचं बटण दाबलं की आत दिवा लागायचा, तो पाहून बाईंनी दार उघडलं. खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, बाजूला निळ्या कापडाचे बेतलेले तुकडे. बाईंनी डब्याकडे बोट दाखवलं. झटपट गुडघा सावरत खाली बसले. तेवढ्यात बाई मशीनजवळ गेल्या आणि डास येतात म्हणून खिडकी ओढून घेतली. कडी घट्ट होती. तळहाताने ठोकून त्यांनी ती बसवली.

डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि लाल झाला.

झटपटांना वाटलं, आपलाच हात लागला. त्यांनी हात मागे घेतले. दिवा लालच. मग नजर तारेवरून सरकत गेली. डब्यातून निघून फरशीच्या कडेनं, भिंतीवरून वर, आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात चौकट आणि झडप यांच्या मधून बाहेर. ते उठले. कडी काढली, झडप ढकलली. थोड्या वेळात दिवा हिरवा. परत लावली. लाल.

काचेची बारीक तार असते ती. चेपली की आतला प्रकाश अडतो. बाई दिवसभर उजेडासाठी खिडकी उघडी ठेवायच्या आणि दिवेलागणीला लावायच्या. कडी किती घट्ट बसते त्यावर कधी पाच मिनिटं चालायचं, कधी पंधरा, कधी मुळीच नाही. आणि ती तार तिथून घेतली होती झटपटांनीच. जोडणीच्या दिवशी बाईंनी भिंतीला हात लावून विचारलं होतं, इथून का? यांनी हात झटकून सांगितलं होतं, भोक कशाला, खिडकी आहे की! वीस मिनिटं वाचली होती.

त्यांनी खिशातला कागद काढला आणि लिहिलं, 'चूक माझी आहे. खिडकी लावली की तार चेपते. मी भोक पाडायला हवं होतं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. खाली लिहिलं, 'बहीण गेली. आज सतरा दिवस.'

झटपटांनी ते वाचलं. बाईंनी कागद परत ओढून घेतला आणि बराच वेळ लिहीत बसल्या. शेवटच्या बोलण्यात थोरलीनं हात खांद्याशी नेला होता, पंजा उघडा. तिथंच चित्र थांबलं. पुन्हा लागलं नाही. त्यांच्या खुणांत 'ये' आणि 'राहू दे' दोन्ही तिथूनच सुरू व्हायच्या. पुढे पंजा स्वतःकडे वळला की 'ये', खाली आला की 'राहू दे'. भाची मागून फोन धरून उभी होती, तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिला जेवण, औषध, दुखतंय एवढ्याच खुणा कळायच्या. दुसऱ्या दिवशी तिनं निरोप टाकला, आई झोपली आहे, बरी आहे. इकडे साठ गणवेश द्यायचे होते. बाईंनी 'राहू दे' असंच धरलं. पाचव्या दिवशी थोरली गेली.

शेवटची ओळ होती, 'मी जायला हवं होतं.'

झटपटांनी भिंतीकडे बोट दाखवून, ड्रिल धरल्यासारखं करून विचारलं. बाईंनी नाही म्हटलं. मग त्यांनी डबा काढला, तार गुंडाळली आणि तीन मजले उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. सगळं सांगितलं, कागद दाखवला. म्हणाले, "ताई, त्या नऊ तक्रारी उघडा."

"उघडत नाहीत हो. निकाली निघालेली तक्रार उघडता येत नाही."

"मग शेरा तरी बदला. चूक त्यांची नव्हती, असं लिहा."

तेही होत नव्हतं. तीन वेळा प्रयत्न करून मी त्यांच्याकडे स्क्रीन वळवली. त्यांनी हातानं अर्ज लिहिला, साहेबांकडे नेला. साहेबांनी विचारलं, "त्या बाईंनी काही म्हटलंय का? नाही ना? मग तुम्ही कशाला उकरून काढताय?" अर्ज फायलीत गेला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ते ड्रिल घेऊन बाहेर पडायला लागले. खिडकीतून तार घेतलेली घरं आठवून आठवून शोधायची आणि भोक पाडून द्यायचं. काही घरांत लोक म्हणायचे, चांगलं चाललंय, भिंत कशाला खराब करता? तरी दारात उभं राहून समजावायचे. रोजच्या तक्रारी नवावरून चारवर आल्या. फळ्यावरून नाव गेलं. नवीन मुलांना त्यांना झटपट का म्हणतात तेच कळेना. मीही छापलेली यादी बाजूला ठेवून आधी विचारायला लागले, "किती वाजता जातं?" साधा प्रश्न. नऊ वेळा विचारता आला असता.

निवृत्तीच्या थोडं आधी ते बस स्टँडवर उभे असताना त्या बाई दिसल्या. भाचीकडे निघाल्या होत्या, आता दर महिन्याला जातात म्हणे. बाईंनी ओळखलं. बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. पाऊण तास दोघं शेजारी बसून होते. कागद कुणीच काढला नाही.

"बरं झालं," मला सांगताना ते म्हणाले, "बोलता आलं असतं तर मी माफी मागितली असती. मग त्यांना 'असू दे' म्हणावं लागलं असतं."

"त्यांची बस आली तेव्हा?" मी विचारलं.

"पिशवी जड होती. मी वर चढवून दिली. दार लागलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या."