चौकोनी सिरिल, षटकोनी लायनेल

आमच्या हकनल गावात सिरिल हॅलमकडे कुणी हात हलवत जात नाही. नाश्त्याच्या सीरियलचं रिकामं खोकं तरी घेऊन जातातच, आणि प्रसाद घ्यावा तसा तो ते दोन्ही हातांनी घेतो. चाळीस वर्षं कारखान्यात पुठ्ठा कापला, आता निवृत्त होऊनही पुठ्ठाच कापतोय.

दर गुरुवारी खाणकामगारांच्या हॉलमध्ये आमचा क्लब भरतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक टेबलावर मांडून आम्ही चांगली मोठी माणसं लढाया खेळतो. त्या सैनिकांच्या पायाखालची जमीन सिरिलची. फूटभराचे चौकोन. कशावर शेत, कशावर गल्ली, कशावर ओढा. रस्ता असो की ओढा, तो कडेच्या बरोबर मध्यावर संपतो, म्हणून चौकोन कसेही जोडा, वाट तुटत नाही. कापलेल्या पुठ्ठ्याची पांढरी कड दिसू नये म्हणून तो प्रत्येक कड पेन्सिलीने करडी करतो. मी एकदा म्हटलं, "अरे, कोण बघायला येतंय?"

"मी बघतो ना, राजा," तो म्हणाला.

हे काम त्याने आणि थोरल्या भावाने, लायनेलने, मिळून सुरू केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी लायनेलच्या डोक्यात षटकोन शिरला. चौकोनावरून तिरका जाणारा सैनिक तेवढ्याच चालीत फुकटचं जास्त अंतर मारून नेतो, हा सरळ सरळ अन्याय आहे, असं त्याचं म्हणणं. क्लबच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "चौकोन टेबलक्लॉथवर शोभतात."

"मग तू मधमाश्यांबरोबर खेळ," सिरिल म्हणाला.

बस्स, एवढ्यावरून अबोला. हॉलच्या दोन टोकांना दोन टेबलं लागली, एक चौकोनांचं, एक षटकोनांचं. दोघं एकाच गल्लीत राहायचे, मध्ये पाच घरं. ख्रिसमसला एकाच टेबलावर जेवायचे, पण ग्रेव्ही हवी असली की लायनेलच्या बायकोला, डोरीनला, सांगायचे. मला दोघांचाही संताप यायचा. सत्तरी ओलांडलेली माणसं, आणि भांडण कशावरून, तर कोपरे किती असावेत!

या फेब्रुवारीत लायनेलला अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठला, काठीने चालायला लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. गुरुवारी यायचा बंद झाला. डोरीन माझ्या औषधांच्या दुकानात आली आणि गोळ्यांची पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"पुठ्ठ्याची अर्धी नदी कापून पडली आहे रे घरात," ती म्हणाली. "म्हणतो, माझं टेबल संपलं. कुणाशी बोलत नाही, दिवसभर खिडकीशी बसून असतो. हा असाच बसल्या बसल्या जाईल, अशी भीती वाटते मला."

मी ते जसंच्या तसं सिरिलच्या कानावर घातलं. त्याने फक्त एकच कड तीनदा करडी केली.

पुढे तीन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही. मग एका रविवारी दुपारी दारात हजर. काखेत लांबलचक खोकं.

"राजा, जरा लायनेलकडे चल माझ्याबरोबर. पाचच घरं आहेत, पण एकट्याने जाववत नाही."

खोक्यात चार फुटांची पुठ्ठ्याची पट्टी होती. तिची एक कड सरळ, सिरिलच्या चौकोनांना लागणारी. दुसरी कड दातेरी, लायनेलच्या षटकोनांत बसणारी. मधोमध नदीचं पात्र. ही पट्टी मध्ये ठेवली की सिरिलचा ओढा लायनेलच्या नदीला मिळणार आणि दोन टेबलांचं एक टेबल होणार. नऊ वर्षांत क्लबमधल्या एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं, मला धरून. लायनेलचे नमुने क्लबच्या वेबसाइटवर होते. ते सिरिलने वाचनालयात जाऊन स्वतः छापून आणले होते. हा माणूस आयुष्यभर हाताने आखत आला. छापण्याची ही पहिलीच खेप.

डोरीनने जेवणाच्या टेबलावर षटकोन मांडले. लायनेल खिडकीकडेच तोंड करून बसला होता. सिरिलने पट्टी लावली. पहिला दात बसला. दुसराही बसला. पाचवा बोटभर हुकला, आणि आठवा तर सरळ षटकोनाच्या टोकावर चढला. सिरिलचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, उचलावं खोकं आणि निघावं इथून.

तेवढ्यात काठी वाजली. लायनेल उठून आला, टेबलावर वाकला आणि एकेक दात निरखून पाहिला.

"गाढवा," तो म्हणाला, "छापताना 'पानात बसवा'वरची खूण काढली नाहीस."

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य! ती खूण राहिली की यंत्र सगळं चित्र गुपचूप थोडं लहान करतं. कागदाची जमीन छापून करणारा प्रत्येक जण तिच्या पायी एकदा तरी रडलेला असतो.

"काढायची असते?" सिरिलने विचारलं.

"पहिल्याच पानावर लिहिलंय. लाल अक्षरांत."

"पहिलं पान कोण वाचतं?"

"तू कधीच वाचलं नाहीस. शाळेतसुद्धा."

डोरीन स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदराऐवजी अॅप्रन लावून उभी होती.

सिरिल पट्टी आवरायला लागला. "नवी करून आणतो."

"टाकू नको. प्रत्येक दातापाशी काप आणि मध्ये बारीक तुकडा घाल. बसेल."

सिरिलने पोलादी पट्टी ठेवली, सुरी घेतली. पण हात इतके कापत होते की पोलादी पट्टी सरकली. पुन्हा ठेवली, पुन्हा सरकली. लायनेलने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि तिच्यावर आणून ठेवला.

"ह्याला आता कापता येत नाही," तो म्हणाला. "पण जड आहे. हलणार नाही."

"तेवढंच हवं होतं," सिरिल म्हणाला, आणि त्याने सुरी ओढली.